उघडलेलं कुलूप फोडताना

कुलूप फोडणं हा माझा धंदा आणि कुलूप न फोडता उघडणं हा माझा छंद. या दोन गोष्टींची गाठ पडू द्यायची नाही, हे पथ्य मी नोकरीभर पाळलं. एकदाच मोडलं, दुधनीत. त्याची हकिगत पुढे येईलच, पण आधी हा धंदा काय असतो ते सांगायला हवं, कारण 'तिजोरी कंपनीत होतो' म्हटलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतात. लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारचा माणूस आपला खिसा चाचपतो.

मी तिजोऱ्या आणि बँकेचे लॉकर बसवणाऱ्या एका कंपनीचा सोलापूरचा मेकॅनिक. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमचं घराणं विणकरांचं. वडील मागावर बसायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि कुलपाच्या कामात जी पडेल ती भाषा. मला सगळे अण्णाच म्हणतात, मॅनेजरसुद्धा.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेची, तिला मास्टर म्हणतात, आणि एक तुमची. आधी बँकेचा माणूस मास्टर फिरवतो आणि बाहेर जातो, मग तुम्ही तुमची फिरवता. तुमच्या किल्लीची दुसरी प्रत बँकेकडे नसते. हे कितीही सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही. किल्ली हरवली की लोक बँकेत येऊन हळूच म्हणतात, "असंल की तुमच्याकडं एखादी, बघा की जरा." नसते. मग कंपनीला पत्र जातं आणि अण्णा ड्रिल मशीन घेऊन एसटीत बसतात. मॅनेजर, लॉकरवाल्या मॅडम किंवा साहेब, ग्राहक आणि साक्षीदार अशा सगळ्यांच्या समोर कुलपाला भोक पाडायचं, दार उघडायचं, पंचनाम्यावर सही करायची, नवं कुलूप बसवायचं. यात कौशल्य आहे, पण खाटकाकडे असतं तेवढंच.

तिजोऱ्यांची गोष्ट वेगळी. पंढरपूरच्या एका लॉजमालकाची तिजोरी उघडेना म्हणून गेलो होतो. किल्ली होती, फिरत नव्हती. दोन किल्लीवाले हात टेकून गेले होते. मी दाराला गुडघा लावला, जोरात आत दाबलं आणि किल्ली फिरवली. उघडलं. माणसानं तिजोरीत लोकांनी खोल्यांत विसरलेल्या वस्तू कोंबल्या होत्या. चष्मे, कवळ्या, एक पितळी समई, लहान मुलाचे बूट. आतून दाराला एवढा रेटा होता की कडी सरकायला जागाच नव्हती. मला वाटलं मालक खूश होईल. तो तोंड पाडून म्हणाला, "एवढंच? मग तुमाला कशाला बोलावलं सोलापूरहून?" उलट तो रागावलाच. तेव्हापासून मी शिकलो की कुलूप फार लवकर उघडू नये. गिऱ्हाइकाला वाटतं आपलं कुलूप हलकं निघालं, म्हणजे आपणच हलके निघालो. थोडं थांबावं, कान लावल्यासारखं करावं, एकदा मान हलवावी, मग गुडघा लावावा.

आता छंदाचं. तो लागला रशीदभाईंमुळे. एसटी स्टँडजवळ त्यांची किल्ल्यांची टपरी होती. कंपनीच्या कामाला लागणारी किरकोळ हत्यारं मी त्यांच्याकडून घासून घ्यायचो. एकदा मी त्यांना फुशारकीनं म्हणालो, "आमचं लॉकरचं कुलूप किल्लीशिवाय उघडत नाही." रशीदभाई हातातली कानस न थांबवता म्हणाले, "तुमसे नै खुलता, ऐसा बोलो."

झालं. ते वाक्य माझ्या डोक्यात घुसलं ते बाहेर निघेना. मी त्यांना गुरू केलं. भंगारातून साधी कुलपं आणायची आणि रविवारी दुपारी टपरी बंद असताना दोघांनी आपापलं कुलूप घेऊन बसायचं. ते मला सारखं एकच सांगायचे. "जोर नको करो, अण्णा. ताले को मालूमच नै पडना की कोई आया." मी मेकॅनिक माणूस, जोर हेच माझं भांडवल. ते सोडायला मला फार वेळ लागला.

आमचे दोन नियम होते. दुसऱ्याचं कुलूप उघडायचं नाही आणि वापरात असलेलं कुलूप उघडायचं नाही, मग ते स्वतःचं का असेना. दारावर लटकलेल्या कुलपाशी खेळायचं नाही. खेळायचं ते टेबलावरच्या कुलपाशी. नियम रशीदभाईंचे, आणि त्याबाबत ते नमाजाइतके कडक होते. एकदा माझ्या बायकोनं, सुमननं, किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं. मी खिशातली तार काढली तर म्हणाली, "आता तरी तुमच्या त्या येडेपणाचा उपयोग हुईल." मी शेजारच्यांची शिडी मागून घेतली आणि गच्चीवरून उतरलो. तिनं मला त्या दिवशी जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

साधी कुलपं उघडायला लागली की त्यात राम उरत नाही. मग अवघड कुलपं शोधायची. कंटेनरला लावतात ते गोल चकत्यांचं कुलूप, पुतण्यानं पुण्याहून आणून दिलेलं ठिपक्यांच्या किल्लीचं कुलूप, एका बंद पडलेल्या पतसंस्थेच्या लिलावातून भंगारात आलेला लॉकर. हा शेवटचा माझा खरा शत्रू. कारण तो आमच्याच कंपनीचा होता आणि तसलेच लॉकर मी गावोगाव फोडत होतो.

त्याच्या पोटात काय असतं ते सांगतो. पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक, प्रत्येकीला स्प्रिंग, प्रत्येकीला एक खाच. बरोबर किल्ली प्रत्येक पट्टीला तिच्या तिच्या उंचीपर्यंत उचलते. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की कडी त्यातून सरकते. एक पट्टी केसभर वर गेली किंवा खाली राहिली तरी संपलं. त्यात चांगल्या कुलपात खोट्या खाचाही असतात. तुम्हाला वाटतं पट्टी बसली, आणि ती बसलेली नसतेच. डोळ्यांना काही दिसत नाही. जे काही कळतं ते बोटाच्या टोकाला. पट्टी बसते तेव्हा तारेतून एक बारीकशी ढील जाणवते. ऐकू येत नाही, दिसत नाही, पण कळते. खरी खाच आणि खोटी खाच यांतला फरक मला कळायला लागला तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते.

तो भंगारातला लॉकर मला महिनोन्‌महिने दाद देत नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेला मी तो पक्का बसवला होता आणि सुमन त्यावर शेंगाचटणीची बरणी ठेवायची. एका रविवारी ती भाकरी थापत असताना तो उघडला. मी म्हणालो, "उघडला." ती म्हणाली, "मग आता तितनं हलवा त्याला." रशीदभाईंना मात्र मी टपरीवर नेऊन करून दाखवलं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. एवढं कौतुक मला नोकरीत कधी मिळालं नाही.

कंपनीत मात्र मी चकार शब्द काढला नाही. आपल्या मालाचं कुलूप तारेनं उघडतं हे सांगणारा मेकॅनिक कुणाला हवा असतो?

(वाचकांनी हे वाचून बँकेकडे धावू नये. ते मॉडेल आता कुठे राहिलेलं नाही. शिवाय लॉकरपर्यंत पोचायला आधी बँकेचं दार, मग जाळी, मग तिजोरीखोलीचं दार, मग मास्टर किल्ली आणि मग वाघमारे मॅडम, एवढं ओलांडावं लागतं. यातल्या वाघमारे मॅडम सगळ्यांत अवघड.)

वाघमारे मॅडम दुधनीच्या शाखेत लॉकर सांभाळायच्या. सोलापूरच्या, मिलिंदनगरच्या. त्यांच्या गल्लीतून बँकेत लागलेली पहिली मुलगी. रोज सोलापूर ते दुधनी जाऊन-येऊन नोकरी करायच्या. कामाला अशा चोख की आम्हा मेकॅनिक लोकांना त्यांची धास्ती वाटायची. मास्टर लावली की त्या ताबडतोब जाळीबाहेर येऊन खुर्चीवर बसायच्या, तेही पाठ करून. ग्राहक गेला की आत जाऊन त्या लॉकरची मूठ ओढून बघायच्या. मी एकदा म्हणालो, "मॅडम, कुलूप लागल्याशिवाय किल्ली निघतच नाही. ओढून काय बघता?" त्या म्हणाल्या, "अण्णा, कुलूप तुमचं हाय, पण नोकरी माझी हाय."

तर दुधनीतले एक आडत व्यापारी होते. त्यांना मल्लिनाथअप्पा म्हणू. त्यांची बायको वारली. लॉकर दोघांच्या नावावर, पण किल्ली बाई ठेवायच्या, आणि कुठे ठेवायच्या ते त्या बरोबर घेऊन गेल्या. घरभर शोधून झालं. अर्ज आला, बँकेनं लॉकरच्या दारावर कापडाची पट्टी लावून लाखेचं सील मारलं आणि मला बोलावलं.

दिवस उन्हाळ्याचे. मी पोचलो तेव्हा सगळे जमले होते. नव्यानं आलेले मॅनेजर, अप्पा, त्यांचा मुलगा शिवराज, साक्षीला बाजारातले दोघे आणि वाघमारे मॅडम. सर्वांसमोर सील तोडलं. मॅडमनी मास्टर फिरवली आणि त्या जाळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

फोडण्याआधी एक गोष्ट नेहमी करायची असते. किल्लीच्या भोकात किल्लीचा तुटका तुकडा वगैरे अडकलाय का, ते तार घालून बघायचं. असला तर ड्रिलचं टोक सरकतं. त्यासाठी कंपनीनं दिलेला आकडा जाड होता, म्हणून मी माझ्या पिशवीतली माझी तार काढली, घरच्या खेळातली. तेवढीच माझी चूक, जर तिला चूक म्हणायचं असेल तर.

तार आत गेली. तुकडा नव्हता. पण बोटांना ते पोट ओळखीचं होतं. ओट्याच्या कडेला ज्याच्याशी झुंजत मी इतके रविवार घालवले, त्याचाच सख्खा भाऊ. मॅनेजर मागे पंचनाम्यातली नावं विचारत होते, शिवराज स्पेलिंग सांगत होता, आणि माझा हात, मी खरंच सांगतो, मला न विचारता कामाला लागला. एक पट्टी बसली. दुसरी बसली. खोटी खाच आली, ती ओळखून सोडली. मला थांबायला हवं होतं. दुसऱ्याचं कुलूप, तेही वापरातलं, दोन्ही नियम एकाच वेळी मोडत होतो. पण वाजणारा तबला कुणी मध्येच थांबवतो का? घरी जे उघडायला कधीकधी आठवडा जायचा ते इथे पाण्यासारखं चाललं होतं.

तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. "काय वो, तारेनं उघडतंय व्हय हे?"

मी म्हणालो, "न्हाय अप्पा, तुकडा अडकलाय का बघतोय."

"न्हाय, म्हणलं तारेनं उघडत आसंल तर मग काय अर्थच न्हाय की. ह्या मॅडम दिवसभर हितंच बसत्यात."

ते हसत बोलले होते. साक्षीदारही हसले. मॅनेजर हसले नाहीत, त्यांनी मान वर करून मॅडमकडे पाहिलं. आणि नेमक्या त्याच क्षणाला माझ्या बोटाखाली शेवटची पट्टी बसली आणि कडी सरकली.

कुलूप उघडलं होतं.

दार केसभर पुढे आलं. मी डावा तळवा दारावर दाबून धरला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम मी आत्ताच केलं होतं, भरल्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, आणि ते कुणाला दिसलं नव्हतं. नुसता तळवा काढला असता तरी पुरे होतं. मॅनेजरांनी पाठ थोपटली असती. ड्रिल नको, धूळ नको. दुधनीत वर्षभर लोक म्हणाले असते, काय तो अण्णा.

आणि त्याच दिवसापासून वाघमारे मॅडमच्या ताब्यातल्या प्रत्येक लॉकरवर संशय बसला असता. लॉकरला पाडलेलं भोक हे नुसतं भोक नसतं. त्याआधी ते दार किल्लीशिवाय कुणी उघडलेलं नाही याची ती साक्ष असते. तारेनं अलगद उघडलेल्या कुलपाला काहीच साक्ष नसते. ते आज उघडलं, तसं काल उघडलं असेल, परवा उघडलं असेल. आणि संशय घ्यायला माणूस निवडायचं म्हटलं की आपल्याकडे नजर आधी कुणाकडे जाते, ते मी सांगायला नको. मॅनेजरांची गेलीच होती.

मी तार उलटी फिरवली. कडी परत बसली, पट्ट्या खाली पडल्या.

"तुकडा नाही," मी म्हणालो. "फोडावं लागेल."

मग मी ते कुलूप फोडलं. आत कडक पोलादाची पट्टी असते, तिनं ड्रिलचं एक टोक मोडलं. पंखा होता, पण तो मॅनेजरांच्या दिशेनं. घामानं हात सरकत होता. मॅडमनी खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर आधी पोलादाचा आणि मग पितळेचा कीस पडायला लागला. तो पिवळा कीस बघताना मला फार वाईट वाटलं. ज्या पट्ट्यांनी इतक्या शहाण्यासारखं माझं ऐकलं होतं, त्यांच्याच पोटातून मी ड्रिल घालत होतो.

दार उघडलं. अप्पांनी एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर ठेवली. नथ, सरी, कागदांची पिशवी, नातवाचे वाळे. मग ते पुन्हा आत हात घालून चाचपायला लागले.

"पाटल्या कुटं हायत?"

शिवराजनं टॉर्च मारून बघितलं. लॉकर रिकामा होता. त्यानं मान वळवली ती थेट जाळीकडे, जिथे मॅडम उभ्या होत्या.

"मी मास्टर लावते आणि बाहेर येते," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त पदराची पिन त्या सारखी उघडत होत्या आणि लावत होत्या. "आत मी कधी थांबत नाही. कुणालाबी विचारा."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुम्ही कंपनीचे आहात. स्पष्ट सांगा. हे कुलूप ग्राहकाच्या किल्लीशिवाय कुणाला उघडता येतं का?"

असा प्रश्न मला पूर्वी कुणी विचारला नव्हता आणि नंतरही विचारला नाही. त्याचं खरं उत्तर त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "किल्ली नसेल तर फोडल्याशिवाय उघडत नाही. आत्ता बघितलंतच की तुम्ही."

अप्पांनी पुढे होऊन त्या भोकात बोट घातलं. ते अजून गरम होतं. बोट झटकत ते म्हणाले, "व्हय. लई कडक हाय."

त्यावर विषय थांबला असं नाही, पण वळला. कुलपावरून तो घरावर गेला. शिवराजनं अकलूजला दिलेल्या बहिणीला फोन लावला. ती फोनवर रडायलाच लागली. पाटल्या तिच्याकडे होत्या. तिच्या बाळंतपणात आईनं स्वतः बँकेतून काढून दिल्या होत्या आणि अप्पांना सांगू नको म्हणून शपथ घातली होती. अप्पा बराच वेळ त्या नथीकडे बघत बसले. मग उठताना मॅडमना म्हणाले, "तसं न्हवं म्हणलं मी, बरं का मॅडम." मॅडम म्हणाल्या, "नाही नाही," आणि लॉकरखालचं वर्तमानपत्र गुंडाळायला लागल्या.

परतीच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर होतो. अक्कलकोट मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं अण्णा, तुमचं कुलूप चांगलं निघालं." मी खिडकीबाहेर बघत हं म्हटलं.

त्यानंतर माझी तार मी ड्यूटीवर कधी नेली नाही. रशीदभाईंनाही सांगितलं नाही. ते काम किती अवघड होतं हे कळणारा सोलापुरात तेवढा एकच माणूस होता, पण त्यांना सांगायचं म्हणजे दोन्ही नियम मोडल्याचंही सांगायला लागलं असतं. पुढे ते गेले. त्यांना सांगितलं नाही याची रुखरुख अजून आहे. रागावले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि मग विचारलं असतं, खोटी खाच कैसे पैचाने?

अंकासाठी लिहाल का अशी विचारणा झाली तेव्हा दुधनीशिवाय दुसरं काही डोक्यात येईना. पण वाघमारे मॅडमना न विचारता कसं लिहिणार? मॅडम आता निवृत्त होऊन सोलापुरातच असतात. गेलो. चहा झाला. नातीनं वाटीत चिवडा आणून दिला. मग मी सगळं सांगितलं, कडी सरकली तिथपासून एसटीत हं म्हटलं तिथपर्यंत.

त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. एवढी वर्षं त्या ज्या कुलपाच्या भरवशावर ताठ मानेनं राहिल्या ते मी आज त्यांच्याच घरात बसून काढून घेतलं होतं.

"म्हणजे मी अप्पांपुढं बोलत हुते, तेव्हा तुमाला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या. "की हे उघडतंय."

"हो."

"आणि तरीबी तुमी माझ्यावर संशय घेतला न्हाई."

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आतासुद्धा त्यांनी म्हटल्यावर आलं. मी म्हणालो, "नाही मॅडम."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा तेवढा काढून पदरानं पुसला. "उघडलं तेव्हा कसं वाटलं हो?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, सुमननंसुद्धा. मी म्हणालो, "लई भारी वाटलं, मॅडम. लई म्हंजे लई."

"मग ते नीट लिवा," त्या म्हणाल्या. "आणि माझं नाव बदलू नका."